सायकियाट्रिक नर्सिंगमधे पीजी करायचंय म्हणतेस, तर...

प्रिय बाळा,

तुझा मेसेज नाइट ड्यूटी संपवून लिहिलेला दिसतोय, पण प्रश्न मुद्द्याचा आहे. आयसीयू सोडून सायकियाट्रिकमधे, म्हणजे मानसिक आजारांच्या नर्सिंगमधे, पीजी करू का आणि केलं तर एमएससी की डिप्लोमा, हे फोनवर धड बोलणं होणार नाही म्हणून सवडीने लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. कर. फक्त कॉलेजची बिल्डिंग, हॉस्टेल, प्लेसमेंट बघून सीट घेऊ नकोस, तिथला वॉर्ड बघ. हा विषय पुस्तकातून पाठ होतो पण अंगात येत नाही, तो पेशंटजवळ बसून येतो, आणि तू काय बोललीस काय नाही हे कुणीतरी जाणकाराने तपासलं तरच येतो. आज एमएससी झालेल्या कितीतरी मुली भेटतात ज्यांना स्किझोफ्रेनियाची सगळी लक्षणं तोंडपाठ आहेत पण ज्याला आवाज ऐकू येतायत त्याच्यासमोर बसून पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचत नाही. तुला तसं झालेलं मला बघायचं नाहीये.

आता कोर्सचं. एमएससी नर्सिंग दोन वर्षांचं, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात बीएससीला ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो, ते दोन्ही तुझ्याकडे आहे. पण एक लक्षात घे, या दोन वर्षात सगळाच वेळ सायकियाट्रीला मिळत नाही. पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, अॅडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिस, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स असतं, दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंट आणि डिझर्टेशन म्हणजे प्रबंध, आणि दोन्ही वर्षी त्यांच्या जोडीला तुझी स्पेशालिटी. पुढे कॉलेजात शिकवायचं असेल तर एमएससीला पर्याय नाही. वॉर्डमधेच राहायचं असेल आणि घरून दोन वर्षं निघत नसतील तर एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा बिल्कुल कमी प्रतीचा नाही, उलट त्यात वॉर्ड जास्त मिळतो. बंगळुरूचं निम्हान्स, तेजपूरची एलजीबी इन्स्टिट्यूट, रांचीचं सीआयपी, मानसिक आरोग्याच्या संस्थांमधली ही मोठी नावं तुला माहीतच असतील, बाहेर जायची तयारी असेल तर तिथले फॉर्म भर. नाहीतर आपल्या ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा १९३५ पासून उभी आहे, इथल्या मुलीला शिकायला पेशंट शोधत फिरावं लागत नाही.

कॉलेजला फोन करशील तेव्हा फी नंतर विचार, आधी हे विचार की क्लिनिकल पोस्टिंग कुठे असतं, आठवड्यातून किती दिवस, एकच पेशंट सलग काही आठवडे बघायला मिळतो का रोज नवा, आणि मुख्य म्हणजे प्रोसेस रेकॉर्डिंग, पेशंटशी झालेल्या बोलण्याची आपण लिहिलेली नोंद, कोण वाचतं. या शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर दुसरं कॉलेज बघ.

प्रोसेस रेकॉर्डिंग बीएससीला आपण सगळ्यांनीच फाइल भरायची म्हणून केलेलं असतं. पण पीजीचं खरं शिक्षण त्या चार रकान्यांत आहे, पेशंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, मला तेव्हा काय वाटलं, आणि आता वाचताना काय दिसतंय. माझ्याकडे पोस्टिंगला आलेल्या एका मुलीचं रेकॉर्डिंग सांगते. पेशंट म्हातारे गृहस्थ, डिप्रेशन, खिडकीकडे तोंड करून बसलेले. ते म्हणाले, ‘कोई नहीं आता मिलने.’ ही लगेच म्हणाली, ‘आ जाएंगे बाबा, सब ठीक हो जाएगा.’ आणि ते गप्प झाले ते झालेच. तिसऱ्या रकान्यात तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की मला त्यांचं दुःख बघवेना म्हणून मी घाईने बोलले. आम्ही दोघींनी अर्धा तास त्या एका वाक्यावर घालवला. दुसऱ्या दिवशी तिने फक्त विचारलं, ‘किसकी राह देखते हो बाबा?’ आणि मग नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळाने ते मुलाबद्दल बोलायला लागले आणि बोलता बोलता मरणाचा विचार येतो हेही सांगून गेले, जे तोवर कुणाच्याच नोट्समधे नव्हतं, आणि त्याच दिवसापासून त्यांच्यावर वेगळी नजर ठेवली गेली. हे काम नर्सचंच आहे गं, डॉक्टर राउंडला येऊन जातात, दिवसभर तिथे आपणच असतो.

औषधांचं तुला वाटतंय तेवढं सोपं नाही, आयसीयूवाल्या मुलींचा समज असतो की इथे काय, गोळ्याच वाटायच्या. बायपोलरमधे मूड स्थिर ठेवायला देतात ते लिथियमच घे. त्याची रक्तातली लेव्हल साधारण ०.६ ते १.२ मध्ये ठेवायची असते, दीडच्या वर गेली की धोका सुरू, म्हणजे औषध आणि विष यात अंतर फारच थोडं. सँपल शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी घ्यायचं, सकाळची गोळी देऊन मग रक्त काढलं तर रिपोर्ट कामाचाच नाही. आता आपल्याकडचा मे-जून डोळ्यासमोर आण, लू म्हणजे गरम वारे चालू, पारा ४५ ला, माणूस घामाने निथळतोय, त्यात निर्जळा एकादशी नाहीतर कुणाचा अळणी उपवास. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि तोच रोजचा डोस अंगावर येतो. वर अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन आणून घेतली तर अजूनच. उलट्या, जुलाब, हात जोरात थरथरणं, जीभ जड, चाल डगमगती, हे दिसलं आणि घरच्यांनी ऊन लागलं म्हणून लिंबूपाणी देऊन झोपवलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून डिस्चार्ज देताना जी नर्स विचारते की उपवास कोणते करता, पाणी किती पिता, शेतावर काम असतं का, ती माझ्या दृष्टीने खरी स्पेशालिस्ट. हे प्रश्न आपल्या भागातल्या माणसांत राहिलेल्या मुलीलाच सुचतात.

तसंच राजस्थानातल्या मेहंदीपूर बालाजीला, भूतबाधा उतरवायला लोक जातात त्या देवळात, जाऊन आलेले पेशंट तुला भरपूर भेटतील. नातेवाइकांशी त्यावरून वाद घालू नकोस, दर्शनाला जा पण गोळी चुकवू नका एवढंच सांग. त्यांचा देव काढून घ्यायला निघालीस तर ते पेशंटलाच काढून घेऊन जातात.

कायदा मात्र पक्का कर. मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७ चा, मे २०१८ पासून लागू. भूल आणि मसल रिलॅक्संट म्हणजे स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी (शॉक ट्रीटमेंट) चालत नाही, साखळीने बांधणं नाही, एकट्याला कोंडून ठेवणं नाही. पेशंटला धरून ठेवायची वेळ आली तर ती फक्त तातडीचा धोका टाळायला, सायकियाट्रिस्टच्या परवानगीने आणि लागेल तेवढाच वेळ, कारण लिहून, आणि २४ तासात त्याच्या नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हला, म्हणजे त्याच्या वतीने नेमलेल्या माणसाला, कळवून. हे लिहायचं रजिस्टर बहुतेक वेळा नर्सच्या हातात असतं, म्हणजे पेशंटचे हक्क कागदावरून वॉर्डात येतात की नाही हे बरंचसं तुझ्यावर ठरणार. कुणी सीनियर म्हणाला की असू दे, नंतर लिहू, तर तेव्हाच लिही.

तुझ्या आईची भीती पेशंटकडून मारहाण होईल अशी आहे ना, ती अगदीच खोटी नाही, पण बहुतेक पेशंट कुणाला मारत नाहीत, घाबरलेले असतात. भडकलेल्या माणसाजवळ जाताना निदान दोन हातांच्या अंतरावर आणि थोडं तिरकं उभं राहायचं, दाराकडची वाट मोकळी, गळ्यात ओढणी-चेन नाही, आवाज खाली, आणि एकटीने हिरोगिरी अजिबात नाही. हे सगळं शिकवतात आणि शिकता येतं. आईला माझ्याकडे घेऊन ये एकदा, मी बोलते.

नोकरीची काळजी फार करू नकोस. डीएमएचपी म्हणजे सरकारच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीममधे सायकियाट्रिक नर्स धरलेली आहे, १४४१६ वर चालणारी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन २०२२ पासून आहे, मोठ्या हॉस्पिटलात डीअॅडिक्शन म्हणजे व्यसनमुक्तीचे वॉर्ड आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्व्हेत दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार निघाला आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते. आपण कमी पडतोय, फार कमी पडतोय, आणि तुझ्यासारखी शांत डोक्याची मुलगी इकडे यायचं म्हणते याचा मला मनापासून आनंद आहे.

नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू आहे ना बघ, अनुभवाचं सर्टिफिकेट तारखांसकट आत्ताच मागून ठेव कारण राजीनामा दिल्यावर फार फिरवतात, आणि कॉलेजचं नाव कौन्सिलच्या यादीत याच वर्षासाठी आहे का ते स्वतः तपास. रविवारी दुपारी मी घरीच आहे, कागद घेऊन ये.

तुझी,
मावशी
लष्कर, ग्वाल्हेर