मांजराच्या केसावरून खुनी सापडू शकतो का?

हो, सापडलाय. कॅनडात १९९४ ला प्रिन्स एडवर्ड आयलंडवर एक बाई गायब झाली, मग जंगलात पिशवीत रक्ताचे डाग असलेलं लेदर जॅकेट मिळालं आणि त्याच्या आत पांढरे केस, पोलिसांना वाटलं माणसाचे असतील पण निघाले मांजराचे! संशयिताच्या घरी स्नोबॉल नावाचा पांढरा बोका होता, त्याचं रक्त घेतलं आणि केसाच्या मुळातला डीएनए जुळला. त्याच बेटावरची अजून मांजरं पण तपासली, कारण सगळी एकाच खानदानातली निघाली असती तर मॅचला काय अर्थ ना. १९९६ ला तो संशयित खुनात दोषी ठरला.

पण केसाला मूळ हवं. नुसता गळलेला केस असेल तर बहुतेक वेळा मायटोकॉन्ड्रियल डीएनएच मिळतो, तो आईकडून येतो म्हणजे एकाच आईची सगळी पिल्लं सेम.

आमच्या ठाणे शहरात तर अजून गंमत, माझ्या काळ्या पँटवर घरच्या मनीचे केस असतातच, त्यात सकाळच्या कल्याण लोकलमध्ये चिकटून उभं राहिलं की बाजूवाल्यालाही लागतात, त्यामुळे केस सापडला म्हणजे तो माणूस तिथे गेलाच होता असं होत नाही, बाकी पुरावा लागतोच.