नऊ हुकूम हाती, राणी बाहेर: फिनेस करावा की एक्का-राजा वाजवावा?

ब्रिजमध्ये तुम्ही 4 इस्पिक (म्हणजे इस्पिक हुकूम, दहा हात करायचे) खेळताय, डमीत (समोरच्या भिडूच्या उघड्या पानांत) एक्का-दश्शी धरून चार इस्पिक, हातात राजा-गुलाम धरून पाच. राणी कुणाकडे, हा प्रश्न. फिनेस म्हणजे राणी उजवीकडे आहे असं धरून राजाऐवजी गुलाम लावणं; एक्का-राजा वाजवणं म्हणजे राणी त्यांखाली पडेल अशी आशा धरणं.

‘नऊ पानं असली की फिनेस नाही’ हे पाठ केलेलं सूत्र चूक नाही, पण फारच बारीक फरकावर उभं आहे. एक्का वाजवलात, दोघांनी पान दिलं. डमीतून लहान इस्पिक काढलंत, उजवीकडच्यानेही लहान टाकलं. आता डावीकडच्याच्या बाकी जागा (अजून न कळलेली पानं) 12, उजवीकडच्याच्या 11. राणी यांतल्या एका जागेत. म्हणून राजा मारायचा, पण 12 ला 11, बस्स.

तुमच्या डावात मात्र डावीकडच्याने सुरुवातीलाच 3 बदाम बोली दिली होती ना? सुरुवातीलाच एवढी उंच बोली, म्हणजे त्याच्याकडे बहुधा सात बदाम. तुमच्या नि डमीच्या हातांत मिळून चार असतील तर उजवीकडे दोनच. मग तोच हिशेब परत करा: डावीकडे उरल्या 5 जागा, उजवीकडे 9. गुलाम लावायचा, डोळे मिटून. डावीकडून राणी पडली तर पडली. तरीही तुमचा निर्णय बरोबरच होता.

आमच्याकडे दापोलीला पावसात वीज गेली की ओटीवर कंदिलाशी हेच भांडण चालतं. मेंढीकोटावर वाढलेली मंडळी, बोली संपली की विसरतात. (आणि तळलेले गरे खाऊन तेलकट केलेल्या पानांवरून राणी ओळखणं हा फिनेस नव्हे.)