क्लचचं पेडल स्पंजसारखं लागतंय

प्रश्न: स्लेव्ह सिलेंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) नवीन टाकला, तेव्हापासून पेडल मऊ लागतं आणि रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो क्लच प्लेट बदला. बदलू का?

उत्तर: थांबा हो, प्लेटचा खर्च इतक्यात नको. क्लचच्या ऑइलच्या लाइनमध्ये हवा राहिली असणार, हवा दबते, ऑइल दबत नाही, म्हणून क्लच पूर्ण सुटतच नाही. ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑइलचे प्रकार) भरा, स्लेव्ह सिलेंडरवरच्या निपलला (हवा काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावून टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा, घरातल्या कोणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा न् निपल अर्धा फेरा सैल करा, बुडबुडे येतील. निपल आवळल्यावरच पेडल सोडायचं, इथेच बरेच जण घाई करतात आणि हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहा, डबी रिकामी होऊ देऊ नका. ऑइल बॉडीवर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग खातं ते. चार दिवसांत पेडल पुन्हा मऊ झालं तर कुठेतरी गळतंय.