वर्षावर आशा ठेवू नकोस

प्रभूमध्ये प्रिय मुला,

तुझं पत्र मिळालं. वडील गेले, पाठोपाठ नोकरी गेली, आईचं दुखणं अजून हटलेलं नाही. वर्षअखेरच्या उपासनेत साक्षीची वेळ आली तेव्हा सगळे एकेक करून उठले आणि सरत्या वर्षाबद्दल आभार मानू लागले, तू मात्र मान खाली घालून बसून राहिलास. मग नव्या वर्षाचं वचन म्हणून तुझ्या हातात कार्ड आलं ते यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, यिर्मया २९:११. हिताचे संकल्प, अनिष्टाचे नाहीत, भावी सुस्थितीची आशा. तू लिहितोस, ‘काका, मला ते वाचून राग आला. गेल्या वर्षीही असंच काहीतरी मिळालं होतं आणि पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंत.’

तुझा विश्वास डळमळला आहे असं मला वाटत नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत बसत नाही. रागावलेला माणूस कुणावर तरी रागावलेला असतो, आणि तू कुणावर रागावला आहेस हे तुला नीट ठाऊक आहे. मला त्रास होतो तो पत्रातल्या शेवटच्या ओळीचा. ‘निदान हे वर्ष तरी बरं जाईल अशी आशा धरू का?’

नको धरू. वर्षावर आशा ठेवूच नकोस.

तुझ्या हातात पडलेलं वचन मुळात कुणाला लिहिलं होतं ते बघ. त्याच्या आधीचं दहावं वचन कार्डावर कुणी छापत नाही. बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून पत्र पाठवलं, आणि त्यात मुदत सांगितली सत्तर वर्षांची. पत्र हातात घेणाऱ्या प्रौढ माणसाला कळलं असणार की आपण काही परत जात नाही. आणि त्याला करायला काय सांगितलं? घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हांला नेलं त्याच शहराच्या हितासाठी प्रार्थना करा. एवढं सगळं सांगून झाल्यावर अकरावं वचन येतं. हिताचे संकल्प आहेत, आणि ऐकणारा बहुधा परदेशातच मरणार आहे. या दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आहेत. कार्ड खोटं नाही रे, कार्ड अपुरं आहे.

आता एक अध्याय मागे जा. अठ्ठाविसाव्यात हनन्या भेटतो, अज्जूराचा मुलगा, गिबोनचा संदेष्टा. मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर तो सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, लुटून नेलेली पात्रं, राजा, धरून नेलेली माणसं, सगळं. त्यावर यिर्मया काय म्हणाला? ‘आमेन! परमेश्वर तसंच करो.’ त्यालाही तेच हवं होतं. लवकर सुटका व्हावी असं कुणाला वाटत नाही? पण नंतर हनन्याने यिर्मयाने बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून मोडून टाकलं आणि यिर्मया गप्प आपल्या वाटेने निघून गेला. लोकांना त्या दिवशी कोणता संदेष्टा आवडला असेल, तूच सांग. पुढे देवाने यिर्मयाकडूनच त्याला निरोप पाठवला की तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलंस.

मला हनन्याची भीती वाटते. तो दुष्ट माणूस म्हणून आपल्यासमोर येत नाही. तो आपल्या मायेच्या माणसांच्या तोंडून बोलतो. ‘काळजी करू नकोस, हे वर्ष तुझंच आहे.’ एका नव्या वर्षाच्या सभेत माझ्या एका मित्राला असंच सांगण्यात आलं होतं. त्याचं मूल आजारी होतं. या वर्षाच्या आत ते बरं होईल, असं एका भावाने डोक्यावर हात ठेवून ठामपणे सांगितलं, आणि सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणाली. मूल वाचलं नाही. मित्र काही महिने आला, मग यायचा थांबला. देवावर चिडून नाही. त्याला लाज वाटत होती. आपलाच विश्वास कमी पडला, असं त्याने स्वतःला पटवून दिलं होतं, आणि ज्यांनी ‘आमेन’ म्हटलं होतं त्यांच्यासमोर बसणं त्याला जमेना. तो बसायचा त्या बाकाकडे आजही माझं लक्ष जातं आणि जीव तुटतो. त्याला कुणी सत्तर वर्षांचं पत्र वाचून दाखवलं असतं तर तो आमच्यात राहिला असता, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हापासून आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘सगळं ठीक होईल’ असं मी म्हणत नाही. मंडळीतल्या काहींना ते खटकतं. काका प्रार्थना कोरडी करतात, धीर देत नाहीत, असं मागून बोललेलं माझ्या कानावर आलंय. येऊ दे. मी बरं होण्यासाठी प्रार्थना करतो, कळकळीने करतो, आग्रहाने मागतो. पण देवाने न दिलेली तारीख मी देवाच्या नावाने देणार नाही. माणूस घाबरलेला असताना त्याला खोटी तारीख देणं ही दया नाही. आणि मला कोरडा म्हणणाऱ्यांपैकी किती जण मुदत टळून गेल्यावर त्या घरी परत गेले, हे मी मोजत नाही, पण पाहिलंय. असो. तुझ्या पत्रात माझंच गाऱ्हाणं नको.

साक्ष देता आली नाही याचा तू फार बाऊ केला आहेस. विलापगीत उघड. त्यात पाच अध्याय आहेत, उद्ध्वस्त शहरावरचे. आपण तिसऱ्या अध्यायातली दोन वचनं तेवढी पाठ करतो, त्याची करुणा रोज सकाळी नवी होते ती. त्याच अध्यायात थोडं वर, सोळाव्या वचनात, तोच माणूस म्हणतो की देवाने खड्यांनी माझे दात पाडले. आणि पुस्तकाचा शेवट? तू आम्हांला अगदीच टाकून दिलंस का, अशा स्वरावर. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. ही पानं पवित्र शास्त्रात कुणी चुकून राहू दिलेली नाहीत. शतकानुशतकं मंडळीने ती मोठ्याने वाचली, गायली. तेव्हा पुढच्या वेळी उभा राहा आणि म्हण, ‘प्रभू, या वर्षी तू आम्हांला चिरडलंस, आणि तरी मी तुझ्याशीच बोलतोय.’ ही साक्ष आहे. शेजारच्याला ती ऐकवत नसेल तर तो त्याचा प्रश्न.

आणि ‘रोज सकाळी’ म्हटलंय हे ध्यानात घे. वर्षाच्या सुरुवातीला एकदाच भरपूर करुणा मिळेल आणि ती बारा महिने पुरवायची, असा हिशेब शास्त्रात कुठे नाही. रानात देव रोज पुरवी तो मान्नासुद्धा, म्हणजे ते अन्न, दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला की त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. वर्षभर पुरेल एवढा धीर १ जानेवारीला तुझ्यात नाही म्हणून तू हवालदिल झालास. तो कुणातच नसतो. माझ्यातही नाही.

डिट्रिश बॉनहॉफर या जर्मन पाळकाबद्दल मागे आपलं बोलणं झालं होतं. डिसेंबर १९४४ मध्ये बर्लिनमधल्या गेस्टापोच्या, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या, तुरुंगातून त्याने आपल्या वाग्दत्त वधूला पत्र लिहिलं आणि सोबत नव्या वर्षासाठी एक कविता पाठवली. जुनं वर्ष अजून छळतं आहे हे तो त्यात लपवत नाही, पुढे दुःखाचा प्याला भरलेला असू शकतो हेही मांडतो, आणि तरी आपण सांभाळलेले आहोत असं म्हणतो. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं. महिन्याभरात युरोपातलं युद्ध संपलं. आता सांग, त्याची आशा खरी की खोटी? १९४५ सालावर त्याने आशा ठेवली असती तर ती चार महिन्यांत खोटी ठरली असती. त्याने सालावर ठेवलीच नव्हती.

इथे तू म्हणशील, ‘मग आशा धरायची म्हणजे नुसतं सोसत बसायचं का?’ अजिबात नाही, आणि हे मला तुला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. यिर्मया ३२ वाच, संथपणे.

यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला आहे. खुद्द यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. अनाथोथ म्हणजे शहराच्या ईशान्येला चार-पाच किलोमीटरवरचं गाव, आणि सगळा मुलूख शत्रूच्या सैन्याने व्यापलेला. असं शेत कोण घेईल? यिर्मया घेतो. किंमत १७ शेकेल रुपं, आजच्या मापात सुमारे २०० ग्रॅम चांदी. पुढचा तपशील कसा बारकाईने दिलाय पाहा. तो खरेदीखतावर सही करतो, मोहोर लावतो, साक्षीदार बोलावतो, रुपं तराजूत तोलून देतो. मग मोहरबंद खत आणि उघडं खत, दोन्ही सगळ्यांसमोर आपला लेखनिक बारूख याच्या हाती देतो आणि सांगतो की ही मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कैदी माणूस, शहर पडायला आलेलं, आणि हा कागद टिकावा याची चिंता करतोय.

मला सगळ्यात आवडतं ते त्याच्या नंतरचं. व्यवहार पुरा झाल्यावर तो प्रार्थनेला लागतो, आणि प्रार्थनेच्या शेवटी त्याचा गोंधळ बाहेर येतो. शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती गेलंय, आणि प्रभू, तू मला म्हणतोस की पैसे देऊन शेत घे? म्हणजे आधी त्याने शेत घेतलं, नंतर विचारलं. मन निवळायची वाट तो पाहत बसला नाही. आणि ते शेत त्याने कधी कसलं, असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. पुढे लोक त्याला आपल्याबरोबर मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, घेऊन गेले. त्याने देवाच्या शब्दावर रुपं मोजलं, पीक दुसऱ्यांसाठी सोडलं.

आशा वाटत नाही, असं तू पानभर लिहिलंस. यिर्मयाला त्या चौकात काय वाटत होतं? तुला काय वाटतं हे मी विचारत नाही. तुझं शेत कोणतं, ते सांग.

मला तर ते दिसतंय. रविवारच्या शाळेतला तुझा वर्ग तू सोडायचं म्हणतोस, कारण ‘माझ्यातच काही उरलं नाही, मुलांना काय देणार’. त्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या घरीही कुणी गेलंय. त्यांना हसतमुख शिक्षक पुष्कळ मिळतील. बाप गेलेला आणि तरी रविवारी सकाळी पुस्तक घेऊन येणारा शिक्षक त्यांना कुठे मिळणार? तो वर्ग सोडू नकोस. नोकरीचे अर्जही थांबवू नकोस, त्याबद्दल वेगळं बोलू. पण नोकरी लागली की मग वर्ग, असा क्रम लावू नकोस. तोच तो हनन्याचा हिशेब झाला, आधी दिवस पालटू देत, मग पाहू.

हे सगळं मी कशाच्या जोरावर बोलतोय, हे तू विचारायला हवंस. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला स्पष्टच लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, आणि ख्रिस्तावरची आपली आशा या आयुष्यापुरतीच असेल तर सगळ्या माणसांत आपल्याइतके कीव करण्याजोगे आपणच. ही अट पौलाने स्वतः घातली आहे. तो उठला नसेल तर तुझ्या वडिलांची कबर बंदच राहणार, आणि मग वर्ष चांगलं गेलं काय, वाईट गेलं काय. पण तो उठला असेल तर येणारं वाईट वर्षही तुझ्या वडिलांना त्याच्या हातून काढून घेऊ शकत नाही. माझी सगळी हेकेखोरी त्या एका रविवारच्या सकाळवर उभी आहे. अम्माऊसच्या वाटेवर ते दोघे शिष्य हेच रडगाणं गात होते, आम्हांला आशा होती की हाच इस्राएलाची सुटका करणार. आशा ‘होती’. आणि हे ते कुणाला ऐकवत होते? उठलेल्या ख्रिस्तालाच, न ओळखता. तो शेजारी चालत होता, आणि त्याने त्यांना बोलू दिलं.

गेलेलं वर्ष पुसलं जाणार नाही. तशी प्रार्थनाही करू नकोस. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, थोमाला त्याने त्या दाखवल्या. नव्या वर्षात तू वडिलांशिवायच जाणार आहेस आणि काही दिवस ते असह्य होईल. त्या दिवशी फोन कर, वेळ पाहू नकोस. मी वचन ऐकवणार नाही, नुसता ऐकेन. हे मला जमतं, लोक काहीही म्हणोत.

आईसाठी आमच्याकडे दररोज प्रार्थना होते, तिला सांग. कार्ड फेकून देऊ नकोस. मागच्या बाजूला दहावं वचन तुझ्या हाताने लिही आणि शास्त्रात यिर्मया ३२ जवळ ठेव. वर्गाबद्दलचा निरोप पाळकांना या रविवारच्या आत जायला हवा, नाहीतर ते दुसरं कुणीतरी बघतील. मला उत्तर लिहायची घाई नाही. आधी त्यांना कळव.

ख्रिस्तात तुझा,
काका