क्रिएटिनिन ‘थोडंच’ वाढलंय

प्रश्न : माझे मिस्टर ५२ वर्षांचे आहेत. ११ वर्षांपासून शुगर आहे, शेतात राबतात. गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणून घेतात. परवा तपासणीत क्रिएटिनिन १.६ आलं. दीर म्हणतात, “थोडंच वाढलंय, पाच लिटर पाणी पी, उतरेल.” त्यांना काही त्रास नाही, लघवीही साफ होते. काळजी करावी का?
– एक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, घाबरू नका, पण हे अंगावर काढू नका. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा कचरा. १.६ हा आकडा दिसतो लहान. पण ५२ वर्षांच्या पुरुषाच्या बाबतीत त्यावरून मूत्रपिंडाचं काम मोजलं, म्हणजे ईजीएफआर काढला, तर तो ५१ च्या आसपास येतो. निरोगी तरुणाचा शंभरेक असतो. ६० च्या खाली तीन महिने राहिला की आम्ही त्याला मूत्रपिंडाचा जुनाट आजार म्हणतो. एवढं होईपर्यंत मूत्रपिंड दुखत नाही की लघवी अडत नाही.

शुगर असलेल्याने वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे लघवीतून जाणारं प्रथिन, तपासायलाच हवं. ‘युरीन एसीआर’ म्हणा, लॅबवाल्याला कळतं. ३० च्या आत हवं. लघवीवर फेस येऊन तसाच राहतो का, हेही मिस्टरांना विचारा.

खरी काळजी मला त्या गोळीची वाटते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो. उन्हात घाम गाळून अंगातलं पाणी आटलेलं असताना घेतल्या तर मार जास्तच बसतो. एका काकांनी माझ्या टेबलावर कागदाची पुडी सोडली होती : चार रंगांच्या गोळ्या, एकीचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं. ती पुडी मी विसरू शकत नाही. गुडघ्यांसाठी दुसरा उपाय डॉक्टरांकडूनच घ्या. शुगरची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

पाणी तहानेपुरतं, उन्हात थोडं जास्त. पाच लिटर ढोसून क्रिएटिनिन उतरत नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सगळ्या जेवणात मिळून एक सपाट चमचा. लोणचं, पापड, खारी शेंग त्यातच धरा. सैंधव घेतलं तरी ते मीठच. ‘लो सोडियम’ मीठ तर विचारल्याशिवाय आणूच नका, त्यात पोटॅशियम असतं. बीपी १३०/८० च्या आत हवं; तंबाखू असेल तर सुटायला हवी.

रक्त पंधरा दिवसांनी आणि मग तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. जाताना त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.