‘येते’ म्हणून गेलेल्या बाई

पुणे
पालख्या येण्याचा दिवस

प्रिय मुली,

आज शहरात पालख्या येताहेत. फर्ग्युसन रोड बंद, त्यामुळे संध्याकाळच्या दोन्ही अपॉइंटमेंट लोकांनी आपणहून रद्द केल्या. वेळ मिळालाय, तर तुझ्या मेसेजला चार ओळींत उत्तर न देता नीट लिहून काढते.

तू विचारलंस, ईएमडीआरचं (मनावरच्या आघातांसाठीची ती थेरपी) ट्रेनिंग करू की दुसरं एखादं? आणि मेसेजच्या शेवटी, सहज आठवलं म्हणून सांगावं तसं लिहिलंस की गुरुवारच्या क्लायंट चार सिटिंगनंतर यायच्या थांबल्या, या वर्षातल्या पाचव्या. मला हे शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. ट्रेनिंगचं नंतर बघू.

माझी समुपदेशनाची प्रॅक्टिस कर्वे रोडच्या एका गल्लीतल्या खोलीत सुरू झाली. दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि एक टेपरेकॉर्डर. क्लायंटची लेखी परवानगी असेल तर सुपरव्हिजनसाठी, म्हणजे वरिष्ठांकडून काम तपासून घेण्यासाठी, मी कॅसेट करत असे. त्या काळात चाळिशीच्या एक बाई यायच्या (तपशील बदललेत, हे तुला सांगायला नको). तिसऱ्या वेळी त्या खूप रडल्या, पाणी प्यायल्या, दारात चपला घालताना म्हणाल्या, ‘बरं वाटलं हं मॅडम. येते.’ मी वहीत लिहिलं: प्रगती चांगली. पुढचे तीन गुरुवार पाचची वेळ मी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, हे आईने मला पाच वर्षांची असताना शिकवलं होतं. पण एम.ए. झाल्यावर ते विसरायला झालं असावं.

मग सुपरव्हायझरने कॅसेट मागितली. मी अर्थातच त्या रडल्या तो भाग काढून दिला. तो त्यांनी ऐकलाच नाही. म्हणाले, ‘याच्या आधीचा भाग कागदावर उतरवून आण. शब्दन् शब्द.’ त्याची सुरुवात अशी होती:

त्या : सगळ्यांसमोर तसं बोलले ना, तेव्हाच ते माझ्या मनातून उतरले.
मी : म्हणजे तुम्हाला खूप राग आला.
त्या : राग... हं. राग म्हणजे...
मी : साहजिकच आहे राग येणं.
त्या : हो. बरोबर आहे तुमचं.

आता तू सांग, मनातून उतरणं म्हणजे राग का? ज्याच्यावर आपण रागावतो त्याच्याशी अजून काही देणंघेणं उरलेलं असतं. मनातून उतरलेल्या माणसाशी तेही संपतं. त्या बाई मला त्यांच्या लग्नातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगत होत्या आणि मी ती माझ्या पुस्तकातल्या यादीतल्या शब्दात बसवली. पुढची वीस मिनिटं मी त्यांना रागामागचे विचार तपासायला शिकवलं. त्यात त्या अकरा वेळा ‘हो’ म्हणाल्या. मी मोजले. रडू आलं ते त्याच्यानंतर, आणि माझी आजची समजूत अशी की ते नवऱ्यामुळे कमी आणि माझ्यामुळे जास्त होतं.

जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन यांनी थेरपीतल्या नात्याला पडणाऱ्या भेगा अभ्यासल्या, तेव्हा ढोबळ दोन प्रकार मांडले. एकात क्लायंट उघड नाराजी दाखवतो, भांडतो. दुसऱ्यात तो हळूच मागे सरतो: होकार देतो, विषय बदलतो, गोष्टी सांगत राहतो पण स्वतः त्यात नसतो. भांडणारा क्लायंट त्रासदायक वाटतो, पण तो निदान समोर असतो. आपल्याकडे दुसरा प्रकार रग्गड. एरवी पुणेकर दुकानदाराला चार शब्द सुनावेल, पण डॉक्टरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ‘तुमचं चुकतंय’ म्हणणार नाही. तो म्हणतो, ‘तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.’ ‘बघते प्रयत्न करून.’ ‘कळवते.’ अशी तीन वाक्यं लागोपाठ आली तर मी हातातलं पेन खाली ठेवते आणि विचारते, ‘मी आत्ता जे म्हटलं ते तुम्हाला नीटसं लागू पडलं नाही, असं झालं का?’ बहुतेक वेळा आधी ‘नाही नाही’ येतं. मी गप्प बसते. मग ‘तसं नाही, पण...’ येतं. त्या ‘पण’साठी थांबायला मला बरीच वर्षं लागली.

अनुभवाने हे आपोआप येतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. 2016 साली एका संशोधनात 170 थेरपिस्टचं काम अनेक वर्षं तपासलं होतं. अनुभव वाढला तसे क्लायंटना मिळणारे परिणाम सरासरीने सुधारले नाहीत, उलट किंचित घसरले. काही जण सुधारले, पण ते अपवाद. गंमत अशी की मध्येच सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण मात्र कमी झालं. म्हणजे माणसांना धरून ठेवायची हातोटी येते, बरं करायची येतेच असं नाही. तो आलेख मी पहिल्यांदा पाहिला त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

तू म्हणतेस, फीडबॅक फॉर्म भरून घेते आणि सगळे पूर्ण गुण देतात. देणारच. त्या सेशन रेटिंग स्केलवर दहा सेंटिमीटरच्या चार रेषा आहेत, म्हणजे एकूण चाळीस गुण. समोर तू बसलेली असताना चाळीस देणं हा आपल्याकडे शिष्टाचार आहे, चहा चांगला झालाय म्हणण्यासारखा. कुणी एखाद्या रेषेवर साडेआठावर खूण केली तर जीव खट्टू करून घेऊ नकोस, तिथेच थांब आणि दीड कुठे गेला ते विचार. आणि चाळीस दिले तर ‘पुढच्या वेळी एखादी गोष्ट कमी करायची झाली तर कुठली?’ असं विचारून बघ. ‘काय आवडलं नाही’ याला उत्तर मिळत नाही, ‘काय कमी करू’ याला मिळतं. वाढताना ‘थोडं कमी वाढू का?’ विचारलं की माणूस मोकळा होतो, तसंच.

आणखी एक. तुझ्या त्या गुरुवारच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना, ‘किती सिटिंग लागतील?’ तू म्हणालीस, ‘ते प्रत्येकावर अवलंबून असतं.’ खरं आहे, पण त्यांच्या हाती काही लागलं नाही. एडवर्ड बॉर्डिनने 1979 मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला जिव्हाळा. आपण मुली जिव्हाळ्यावर भर देतो, कारण तो आपल्याला जमतो. ‘किती सिटिंग’ हा प्रश्न पहिल्या दोन भागांचा असतो. ‘आधी सहा वेळा भेटू. तिसऱ्या वेळी थांबून बघू, रात्रीची झोप आणि ऑफिसला निघतानाची धडधड यांत काही फरक पडला का’ इतकं जरी सांगितलंस तरी माणसाला पायाखाली जमीन मिळते. मग पैशांबद्दलची कुरबुरही कमी होते.

गप्प होकाराचा एक प्रकार मात्र घातक असतो. पीएचक्यू-9 या नैराश्याच्या प्रश्नावलीतल्या नवव्या, म्हणजे जीव देण्याच्या विचारांबद्दलच्या, प्रश्नापुढे शून्य लिहिलं म्हणून पुढे जाऊ नकोस. कागदावर तसं लिहायला लोक कचरतात. तोंडाने विचार, साध्या मराठीत: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर हो असेल तर कसं, कधी, घरात काय काय आहे ते सगळं विचार, सोबत कोण राहील ते त्या दिवशीच ठरव, मानसोपचारतज्ज्ञाला तिथूनच फोन लाव. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या फोनमध्ये तुझ्यासमोर सेव्ह करून दे. यात संकोच नको.

आता ट्रेनिंग. कर, चांगलं आहे, पण पुढच्या वर्षी. दर दोन महिन्यांनी शनिवार-रविवारची कार्यशाळा, समोसा, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, यातून मीही गेलेय आणि माझ्या भिंतीवरची फ्रेम बघून आजवर एकही क्लायंट बरा झालेला नाही. तेवढे तास स्वतःच्या रेकॉर्डिंगला दे. आठवड्याला एक, त्यातली दहाच मिनिटं, हाताने लिहून काढ. परवानगी लेखी घे, फाइलला पासवर्ड लाव, काम झालं की पुसून टाक; गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यांना दिलेला हक्क आहे. लिहिताना क्लायंटच्या तोंडचा शब्द आणि तू परत दिलेला शब्द यांच्याखाली रेघ मार. जीव घाबरा होतो, मन लागत नाही, उबग आला, घुसमट होते. या चारही गोष्टींना आपण ‘स्ट्रेस’ म्हणून मोकळ्या होतो.

तुझ्या गुरुवारच्या बाईंना एकदाच मेसेज कर. त्यात थेरपी, समुपदेशन हे शब्द नकोत; फोन घरात कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. मी असा करते: ‘नमस्कार. गेल्या दोन गुरुवारी भेट झाली नाही. माझं काही खटकलं असेल तर बिनधास्त सांगा, राग येणार नाही. यायचं नसेल तरी तसं कळवा.’ उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज नाही. माझ्या बाईंना मी असं काहीच विचारलं नव्हतं. पुढे एकदा मंडईत त्या दिसल्या, कोथिंबिरीची जुडी निवडत होत्या. त्यांनी ओळखीचं हसून मान हलवली आणि मी मेथीच्या ढिगामागे गेले.

सोमवारी रेकॉर्डिंग घेऊन ये. रडण्याच्या आधीचा भाग आण. आणि याला उत्तर देताना नुसतं ‘येते’ लिहू नकोस, वेळ लिही.

तुझी,
मॅडम