डी अँड डीच्या (‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कल्पनारम्य भूमिका-खेळाच्या) पाचव्या आवृत्तीत किल्ल्याचा तट कसा फोडायचा?

ट्रेब्युशे (दगडफेकीचं मोठं यंत्र) हवंच, पण माणसं मोजून द्या. २०१४च्या नियमांत एका दगडाला पाच ॲक्शन (प्रत्येकाला दर फेरीत मिळणारी एक कृती) लागतात: भरायला दोन, नेम धरायला दोन, सोडायला एक. म्हणजे पाच जण असतील तर दर फेरीत एक दगड. एकटाच असेल तर पाच फेऱ्या. नुकसान ८डी१०, म्हणजे दहा बाजूंच्या आठ फाशांची बेरीज, सरासरी ४४. ६० फुटांच्या आतलं काहीच मारता येत नाही, त्यामुळे शत्रूचे घोडेस्वार अंगावर आले की यंत्र निरुपयोगी. पुढे भालेकरी ठेवाच.

खरं तर मला ‘मूव्ह अर्थ’ हा माती हलवायचा मंत्र जास्त आवडतो. दगडी बांधकाम त्याने थेट हलत नाही, पण ४० फूट चौरसातली पायाखालची माती २० फूट खचवता येते. दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ जादूगाराची एकाग्रता टिकायला हवी. तट कोसळेल की नाही, ते मात्र डीएम (खेळ चालवणारा) ठरवणार.